नव्या मशीनचा वास

मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा तिचा पलंग केवढा असावा यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्यामुलाबद्दल झाली नव्हती. पलंग म्हणजे मशीनचा तो सपाट टेबल. पत्रा, काच, लाकूड, फरशी, जे काही छापायचं ते त्याच्यावर आडवं ठेवायचं आणि वरून छापणारं डोकं इकडून तिकडं फिरत जातं. विकणारे त्याला बेड म्हणायचे. माझे मोठे दीर पलंग म्हणायचे, आणि एकदा पलंग म्हटलं की तो मोठाच पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं होतं.

मला त्या पलंगाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. मला एकच हवं होतं. मशीनला वास नको होता. हे मी इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझा मलाच कंटाळा आला. पण आमच्याकडं बाईनं मशीनबद्दल काही सांगितलं की पुरुष मान डोलावतात आणि पुन्हा आपलं तेच सुरू करतात.

बीडला आमचं पाट्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मधे एक खोली, मागं घर. मालक, म्हणजे माझे यजमान, पेंटर. मी लग्न होऊन आले तेव्हा स्टँडपासून मोंढ्यातल्या बाजारापर्यंत निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्यांच्या हातची होती. मग बाजारात एकाएकी सगळंच यायला लागलं. रंगीत टीव्ही, हप्त्यावरच्या मोटारसायकली, फोनचे बूथ, त्यांच्यामागून मोबाईल. दुकानं वाढली म्हणून पाट्या वाढल्या, आणि पाट्या वाढल्या म्हणून फ्लेक्स आलं. फ्लेक्स आलं आणि आमचं ब्रशचं काम गेलं. ज्याला वाटेल त्यानं अर्ध्या दिवसात चौकात स्वतःचा चेहरा टांगावा, असे दिवस आले. मालकांनी मग मधल्या खोलीत स्प्रेची गन लावली. गाड्यांच्या नंबरप्लेटी, दवाखान्यांचे बोर्ड, माजलगावकडच्या कारखान्यांना ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या पत्र्याच्या पाट्या, सगळं त्या खोलीत. रंगात थिनर घालायचा, तोंडाला रुमाल बांधायचा आणि त्या फवाऱ्यात उभं राहायचं. खोलीला खिडकी एक, तीही टीचभर.

खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाले, "काका, स्प्रे सोडा, थिनर सोडा. आत्ता सोडलं तर छाती आहे तेवढी राहील. नाही सोडलं तर दारातून दुकानात जायलासुद्धा मधे थांबावं लागेल." मालक मात्र शर्टाची बटणं लावत विचारत होते, "डॉक्टरसाहेब, दारावरची पाटी कुनी केलीय तुमची? अक्षर लई वाकडं हाय."

येताना एसटीत बसलो. बीड जवळ आल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून गन बंद."

"अन् मग खायचं काय? तुझा राग?" असं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी तोवर दुकानात कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला शिकले होते. काम द्यायला एका फ्लेक्सवाल्याकडं जायचे, तिथं मला एक माहितीपत्रक मिळालं. अशी मशीन निघाली होती की ती थेट पत्र्यावर, काचेवर, लाकडावर छापते. शाई दिव्याखाली जागच्या जागी वाळते, थिनर लागतच नाही. त्यातली अगदी पहिल्या पायरीची, लहान दुकानाला झेपेल अशीही एक होती म्हणे. तो कागद घरी आणताना मला वाटलं, औषधच सापडलं. बँकेनं कर्ज दिलं. जामीन मोठे दीर राहिले, आणि ते जामीन राहिले म्हणून मशीन निवडायचा मानही त्यांच्याकडं गेला.

मोठ्या दिरांचं किराणा दुकान. कपाळावर रोज विभूतीची तीन बोटं, बोलणं तोलून मापून. माणूस वाईट नाही. पण ते माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्याच्या बायकोशी थोरल्यानं तोंडातोंडी बोलायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. मी समोर उभी असले तरी ते भावाकडं बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, चहा ठेव." आणि मीही भिंतीकडं बघून म्हणायचे, "साखर घालू का विचारा." चहापुरतं हे ठीक होतं. मशीनच्या वेळी या रीतीनं माझा जीव नकोसा केला.

"त्यांना सांगा, ज्याला वास न्हाई तेच मशीन घ्यायचं," मी म्हणायचे.

"तिला म्हणावं, वासाचं नंतर बघू. उद्या कुनी अख्खा दरवाजा छापायला आनला तर पलंग पुरंल का?"

"आजपर्यंत कुनी दरवाजा आनलाय का, विचारा."

"पलंग न्हवता म्हनून आनला न्हाई. आता आनतेल."

मधे मालक बसलेले, भाकरी कुस्करत. इकडचं तिकडं पोचवायचे कष्टसुद्धा ते घेत नसत, कारण दोघांनाही सगळं ऐकू येतच होतं. पालथ्या घड्यावर पाणी! मोठे दीर कपिलधारला दर्शनाला जाऊन आले, तर तिथून आल्यापासून त्यांना मोठ्या पलंगाबद्दल जास्तच खात्री वाटू लागली.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची आहे, असं मला वाटायचं. मालकांचं नाक. ते नाक अख्ख्या मोंढ्यात प्रसिद्ध होतं. थिनरमध्ये भेसळ लई. मग हार्डवेअरवाले, फर्निचरवाले, गॅरेजवाले डबा घेऊन आमच्या दुकानी यायचे. मालक झाकण काढून डबा नुसता नाकाखालून फिरवायचे आणि सांगायचे, "यात रॉकेल हाय बे. परत कर." पाटीचा रंग वाळला की नाही हेही ते बोट न लावता, वास घेऊन सांगायचे. घरातही तेच. मी चुलीपाशी फोडणी टाकली रे टाकली की दुकानातून आवाज यायचाच, "आहाहा! काय वास सुटलाय!" गिऱ्हाईक समोर असलं तरी ओरडायचे. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर त्या ओरडण्यासाठीच मी दोन पाकळ्या लसूण जास्त घालायचे.

त्या नाकावर कुणी बोट ठेवलेलं मला खपायचं नाही. त्याच वर्षी एक फर्निचरवाला भांडायला आला होता. "तुमी चांगला म्हनलात म्हनून थिनरचा डबा घेतला, अन् सगळ्या कपाटाचं पॉलिश पांढरं पडलं." मालक काहीतरी पुटपुटले. मी मात्र बाहेर येऊन त्याला असा झापला की बिचारा चप्पल नीट न घालताच गेला. "डबा बदलला असंल तुमच्या माणसानं, अन् नाव आमचं कावून घेता?" असं मी रस्त्यापर्यंत ऐकवत गेले.

मशीन बघायला आम्ही तिघं पुण्याला गेलो. मी दशम्या आणि चटणी बांधून घेतली. मोठ्या दिरांनी एका पिशवीत पत्र्याचा तुकडा, काचेचा तुकडा, शहाबादी फरशीचा तुकडा आणि एक सागाची फळी घेतली, म्हणजे समोर छापून दाखव म्हणता येईल. ती पिशवी इतकी जड होती की एसटीत प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या पायावर यायची. तिला म्हणावं पाय जरा मागं घे, असं दोन वेळा सांगून झालं.

विकणारा पोरगा टाय लावलेला, गोड बोलणारा. त्यानं आम्हाला आधी थंडगार खोलीत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही दोघं या माझ्याबरोबर. वहिनी, तुम्ही इथं आरामात बसा, आत जरा गरम आहे."

मी म्हटलं, "मला बघायचंय मशीन."

"हो हो, नंतर दाखवतो ना तुम्हाला."

"तिला म्हणावं, बस हितं," मोठे दीर म्हणाले. "आमी बघून येतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. कर्ज कुणाच्या नावावर? माझ्या! कॉम्प्युटरवर कोण बसणार? मी! आणि मशीन बघणार कोण, तर ज्यांना माऊस धरता येत नाही ते. पण परक्या गावात, परक्या माणसापुढं काय तमाशा करायचा? मी मालकांना दारापाशी गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हे बघा, तुमी बाकी काई बघू नका. फक्त वास घ्या. मशीन चालू असताना, जवळ जाऊन. दोनी मशीनचा घ्या. ज्याला वास न्हाई ते आपलं, पलंग पाटाएवढा का असंना."

"बरं बरं," म्हणाले.

"बरं बरं न्हाई. माझी शप्पत घ्या."

"घेतली बाई."

मधली भिंत काचेची होती. मला आवाज ऐकू येत नव्हता, पण दिसत सगळं होतं. दोन मशीन होत्या. एक मोठी. तिच्यात तापणारा नळीचा दिवा. ती जुन्या पद्धतीची म्हणून मोठी असूनही लहान मशीनच्याच भावात मिळत होती. दुसरी नवी, गार दिव्याची, पण तिचा पलंग खरोखरच जेवायच्या पाटापेक्षा फार मोठा नव्हता. मोठ्या दिरांनी पिशवी उघडली. फळीवर काहीतरी रंगीत छापून आलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मग मी बघितलं, मालक त्या मोठ्या मशीनवर वाकले. चांगले वाकले, छातीभर श्वास घेतला. मग छोट्या मशीनपाशी गेले, तिथंही वाकले. मला बरं वाटलं. शप्पत पाळतोय माणूस, म्हटलं.

बाहेर आले ते हसत आले. "दोनीला वास न्हाई," म्हणाले.

"दोनीला?"

"दोनीला. काईच न्हाई."

"मोठीच्या दिव्यालाबी न्हाई?"

"अगं न्हाई म्हनलं ना!"

मोठे दीर खुर्चीत टेकले आणि टाळी वाजवून म्हणाले, "झालं तर मग! वासच न्हाई, तर मोठं घ्यायला काय हरकत हाय? विचार तिला."

माझीच अट होती आणि ती पुरी झाली होती. तरी मी उठून आत गेले. तोवर मशीन बंद केली होती आणि कोपऱ्यातल्या गणपतीपुढं उदबत्ती जळत होती, त्यामुळं मला उदबत्तीशिवाय दुसरा कसला वास आलाच नाही. मोठ्या मशीनच्या मागं एक भोक होतं. हे कशाला, असं मी त्या टायवाल्याला विचारलं. "ते एक्झॉस्टचा पाइप लावायला, मॅडम. पण ते काही कंपल्सरी नाही. खिडकी आहे ना तुमच्याकडे?" खिडकी आहे, म्हटलं. टीचभर आहे, हे सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही.

मोठी मशीन ठरली. परतीच्या वाटेवर मोठे दीर एवढे खूश होते की त्यांनी चहा पाजला. माझ्या मनात कुठंतरी खुटखुट होती, पण मी ती दाबली. ज्या नाकाला सगळा मोंढा मानतो, त्याला मी मानायचं नाही तर कोणी?

मशीन टेंपोतून आली. मधल्या खोलीच्या दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली. मोठ्या दिरांनी मशीनच्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली, नारळ फोडला आणि पाणी शिंपडायला हात पुढं केला, तेव्हा पुण्याहून बसवायला आलेला माणूस, "सर, पाणी नको, पाणी नको!" करत आडवा आला. सगळे हसले. मग त्यानं मशीन चालू केली. पहिली पाटी म्हणून आमच्याच दुकानाचं नाव पत्र्यावर छापलं. दिवा पेटला, डोकं सरकू लागलं, आणि मला वास आला.

झेरॉक्सच्या दुकानात येतो ना, तसा. पण त्याच्या किती पट! नाकात चावत वर डोळ्यांपर्यंत जाणारा. आणि त्याच्याखाली दुसरा एक, ओल्या शाईचा, जळक्या रबरासारखा. खोलीभर पसरला, दुकानात गेला, मागं माझ्या स्वयंपाकघरात गेला. मोठ्या दिरांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"अहो, वास!" मी ओरडले.

मालक दिव्याच्या सगळ्यात जवळ उभे होते, पाटीकडं कौतुकानं बघत. "कुठंय वास?" म्हणाले.

"तिला म्हणावं, नवं हाय म्हनून येतोय जरा," उपरण्यातून मोठे दीर म्हणाले. "नव्या गाडीलाबी येतो. जाईल."

वास गेला नाही. रोज मशीन चालू, रोज तो वास, आणि रोज मालक त्याच्या शेजारी उभे. मी विचारलं की एकच उत्तर, "मला तर न्हाई येत." मला वाटलं, हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. भावाचं मन राखायला खोटं बोलतोय. पुण्यातही खोटंच बोलला, माझी शप्पत घेऊन खोटं बोलला. आठवडा झाला नाही तोच खोकला पुन्हा दिवसभराचा झाला. पाटी उचलून दुकानात आणताना ते चौकटीपाशी थांबायला लागले. डॉक्टर म्हणाले होते अगदी तसंच, दारातून दुकानात जाताना मधेच. भिंतीला हात लावायचे, जसं काही भिंतीचा रंग बघताहेत. मला दिसत होतं. पुण्याला फोन केला तर तो गोड टायवाला म्हणाला, "मॅडम, सरांनी स्वतः जवळून चेक करून फायनल केली होती. आता बदलून नाही मिळणार."

मी मालकांशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, पाण्याचा तांब्या आपटायचा, आत निघून जायचं. भांडी इतकी आदळली की दोन पातेल्यांना पोचे आले. ते मात्र आपले तसेच. मी फोडणी टाकली की दुकानातून, "आहाहा! काय वास सुटलाय!" ते ऐकून माझ्या तर अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढा वास सुटतो तर मशीनचा कसा नाही सुटत?

एका दुपारी भाकऱ्या झाल्या. भाजी सकाळचीच होती, करायचं काही नव्हतं. तवा लई तापला होता म्हणून निववायला मी त्याच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. चर्रर्र आवाज झाला, वाफ आली.

दुकानातून आवाज आला, "आहाहा! काय वास सुटलाय!"

मी तव्याकडं बघत राहिले. तव्यावर पाणी होतं. नुसतं पाणी. मी पुन्हा थोडं शिंपडलं. चर्रर्र. बाहेरून पुन्हा, "लसून हाय वाटतं आज!"

करपलेलं दूध आठवलं. महिन्यापूर्वी दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, सगळी गल्ली वासानं भरली होती, आणि मालक ओट्याला टेकून पेपर वाचत होते. पेपरात लक्ष होतं, म्हणाले होते. तो फर्निचरवाला आठवला. मी हिंगाची डबी उचलली, झाकण काढलं आणि दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मालक स्टुलावर बसून ब्रश पुसत होते.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

आठवड्यानंतर मी बोलले म्हणून ते इतके खूश झाले की लगेच मिटले. मी डबी त्यांच्या नाकाखाली धरली. अगदी नाकाला लागेल एवढी. खडा हिंग, बंद कपाटातसुद्धा लपत नाही तो.

"काय हाय?" मी विचारलं.

ते हसत होते. मग हसू कमी झालं. मोठा श्वास घेतला, खोकले, पुन्हा घेतला. "फूल हाय का?" असं हळूच म्हणाले. मग डोळे उघडले, डबी बघितली, आणि मान खाली घातली.

"कवापासून?" मी विचारलं.

"अंबाजोगाईला गेलतो ना आपन. त्याच्या आधीपासून."

"अन् डॉक्टरला सांगितलं न्हाई?"

"तू शेजारी बसलेली."

"मग मला सांगायचं न्हवतं का?"

"कसं सांगू? आधी थोडा थोडा यायचा, वाटलं सर्दी हाय. मग गेलाच. मोंढ्यात कळलं तर डबा घेऊन कोन येनार माझ्याकडं? ब्रश गेला, आता नाकबी गेलं म्हनतेल. अन् तुला कळलं असतं तर तू मला दुकानात पाय ठिवू दिला नसता."

"अहो पन पुण्यात! मी शप्पत घातली होती!"

"घेतला की वास. लई जोरात घेतला. न्हाई आला. मग तिथल्या पोराकडं बघितलं, तो तोंडाला काई न बांधता उभा व्हता. म्हनलं, वास असता तर त्यानं रुमाल लावला असता." ब्रशाचे केस सरळ करत म्हणाले, "म्हनून सांगितलं, न्हाई म्हनून."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. काय काय बोलले मी! खोटारडे म्हटलं, जिवाचे वैरी म्हटलं, माझ्या जिवावर उठलात म्हटलं. ब्रश पुसून झाला होता तरी ते पुसत बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "दादाला सांगू नको."

दादाला नाही सांगितलं. पण संध्याकाळी मोठे दीर आले, रोजच्यासारखे खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "तिला म्हणावं, चहा ठेव." मी आत गेले नाही. पदर खोचला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले.

"भाऊजी, मशीनला पाइप बसवायचा. खिडकी फोडून मोठी करायची, वर पंखा लावायचा. उद्याच गवंडी बोलवा. अन् ही मशीन मी चालवनार, मालक त्या खोलीत पाय ठेवनार न्हाईत. दुकानापुढच्या शेडमधे बसून ब्रशनं जे होईल ते करतेल. गन मी भंगारात घातलीय."

मोठे दीर माझ्याकडं बघतच राहिले. मग सवयीनं भावाकडं वळले. "तिला म्हणावं..." असं म्हणाले. पुन्हा माझ्याकडं वळले, जरा घसा खाकरला. "बरं," म्हणाले. "गवंडी सकाळी येईल." चहा न घेताच गेले.

खिडकी मोठी झाली. पत्र्याचा लांब पाइप थेट छपरावर नेला. मशीन मी शिकले, तोंडाला फडकं बांधून चालवली. दरवाजा छापायला कुणीही आणला नाही, ते सोडा. मालक बाहेर शेडमध्ये बसून देवळांच्या पाट्या, रिक्षांच्या मागची अक्षरं ब्रशनं करू लागले, पाण्यात मिसळणाऱ्या रंगानं. छाती आहे तेवढी राहिली. डबा घेऊन कुणी आला तर मालक तो नाकाखालून फिरवायचे आणि "हे बघ गं, झाकण नीट लाव" म्हणत माझ्याकडं द्यायचे. मी झाकण लावून परत दिला तर डबा चांगला. खाली ठेवून दिला तर रॉकेल.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते हिंगाच्या डबीच्या दुसऱ्या दिवशीचं. गवंडी खिडकी फोडत होता. मी मेथीला फोडणी टाकली. तेल चांगलं तापलेलं, लसूण टाकला, खणखणीत चर्रर्र झालं. आणि बाहेरून काही आवाज आला नाही.

मी उलथनं हातात धरून थांबले. म्हटलं, गिऱ्हाईक असेल. वाकून बघितलं तर गिऱ्हाईक नव्हतं. मालक शेडमध्ये एकटेच बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. त्यांना ऐकू गेलं होतं, मला कळत होतं. मी तशीच उलथनं घेऊन बाहेर गेले.

"का हो? आज म्हनला न्हाईत?"

"काय?"

"रोज म्हनता ते."

ते कसंनुसं हसले. "आता काय म्हनू? तुला म्हाईत झालं की. आवाज आला की म्हनायचो मी नुसता."

"मग कशाला म्हनत होता एवढे दिवस?"

"तू वाट बघायचीस ना," ते म्हणाले.

गवंडी आत धाडधाड हातोडा मारत होता. मी उलथन्यानं त्यांच्या गुडघ्यावर हलकेच मारलं. "म्हना," मी म्हटलं.

"अगं पन..."

"वास मला आलाय ना? मी टाकलीय फोडनी, मी सांगते सुटलाय म्हनून. तुमी गपचूप म्हना."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि रस्त्यावरचा माणूस वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आहाहा! काय वास सुटलाय!" मग खोकले. मी त्यांची पाठ चोळत उभी राहिले.

परत आत गेले तोवर लसूण पार काळा झाला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून त्यातच मेथी परतली. जेवायला बसल्यावर मालकांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, माझ्याकडं बघितलं.

"जरा कडू लागतीय गं," म्हणाले.

किती दिवसांनी त्यांनी जेवणाबद्दल मला खरं सांगितलं होतं.

"खा मुकाट," मी म्हटलं.